पाहुणचारावर पोसलेली लेखणी

गेल्या ज्येष्ठात, पावसाची पहिली सर येऊन गेल्याच्या संध्याकाळी, आमच्या भिसेगावातील एक तरुण माझ्या ओसरीवर येऊन बसला. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर त्यांचे सारे आयुष्य गेले. मुलाने अभियांत्रिकीची पदवी घेतली व ठाण्याकडच्या एका कारखान्यात तो चार वर्षे काम करीत आहे. पहाटेच्या लोकलने जावे, रात्रीच्या लोकलने परतावे आणि रविवार झोपून काढावा, असा त्याचा क्रम. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काका, मी नोकरी सोडतोय. प्रवास करायचा आणि त्यावर लिहायचं, हाच धंदा करायचं ठरवलंय. बाबांची समजूत तुम्ही घाला."

बापाची समजूत घालण्याचे हे काम माझ्याकडे का आले ते उघड आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून मी किल्ल्यांवर, नद्यांवर, लेण्यांवर लिहीत आलो आहे आणि गावात माझी गणना लेखकांत होते. मात्र माझी चूल शाळामास्तरकीवर पेटत आली, लेखनावर नव्हे, ही गोष्ट तो तरुण विसरला असावा किंवा तिची आठवण ठेवणे त्याच्या सोयीचे नसावे. मी त्याला विचारले, "पैसे कोण देणार?" त्यावर त्याने पिशवीतून एक छापील वही काढून माझ्यापुढे ठेवली. मुंबईतील कोणा संस्थेने रविवारच्या आठ वर्गांत हा धंदा शिकविण्याचे पत्करले आहे, आणि त्या वर्गांची ती टिपणे होती. वर्गाचे शुल्क ह्या मुलाच्या एका महिन्याच्या पगाराएवढे होते. तेव्हा प्रवासलेखनाच्या धंद्यात निदान एका पक्षाची तरी बरी कमाई होते, हे कबूल केले पाहिजे.

ती वही मी रात्री वाचून काढली. प्रारंभी मानधनाचा आग्रह धरू नये, आधी नाव होऊ द्यावे, असे तीत सांगितले आहे. एखादा प्रांत किंवा एखादा विषय आपला म्हणून धरावा, असेही सांगितले आहे, व तो सल्ला वाईट नाही. पुढे मुख्य प्रकरण येते. प्रवास महाग असतो. सबब हॉटेलवाले, रिसॉर्टवाले व सहल काढणाऱ्या कंपन्या ह्यांच्याशी पत्रव्यवहार करून राहण्याजेवण्याची सोय करून घ्यावी, आणि ज्यांनी सोय केली त्यांच्याविषयी लिहिताना 'नकारात्मकता टाळावी'. हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. ज्या धंद्याचे पहिले व्रत खोटे न लिहिण्याचे असावयास हवे, त्याच्या प्रवेशग्रंथातच खरे न लिहिण्याची दीक्षा दिलेली होती, आणि तीही मोठ्या सोज्वळ शब्दांत.

ह्या तरुणाने नोकरी सोडू नये असा माझा हट्ट नाही. नोकरी हा काही वेदांनी सांगितलेला धर्म नव्हे, आणि चोविशीतल्या माणसाने डोंगराकडे पाहून उसासे टाकीत लोकलच्या दारात लोंबकळत राहावे ह्यात कोणताही पुरुषार्थ नाही. माझा विरोध आहे तो ज्या पायावर हा धंदा उभा केला जात आहे त्याला. ह्या लेखकांना 'मुक्त पत्रकार' म्हणतात. मुक्त म्हणजे कोणापासून मुक्त? पगारापासून तो मुक्त आहेच. निवृत्तिवेतन, रजा, आजारपणाचा खर्च ह्यांपासूनही मुक्त आहे. १९५५ साली संसदेने श्रमिक पत्रकारांसाठी कायदा केला, त्यात व्याख्याच अशी होती की तो वृत्तपत्राच्या आस्थापनेत नोकरीस असावा. म्हणजे कायद्याच्या आश्रयापासूनही हा मुक्तच. ज्या एका गोष्टीपासून तो मुक्त असला पाहिजे, म्हणजे ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याच्या मिंधेपणापासून, नेमकी तीच बेडी वहीवाल्यांनी त्याच्या पायात आरंभी ठोकून दिली आहे.

ह्यावर असे म्हणता येईल की प्रवासी हा पूर्वीपासून दुसऱ्याच्या अन्नावरच जगत आला. ह्याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फिटावे म्हणून उत्तरेकडे निघाले, ते दक्षिणा मिळविण्यासाठीच. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे चार पैसे गाठीस बांधता येतील, असा त्यांचा हिशेब. पण वाटेत बंडाची धामधूम उठली. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, मिळविलेले लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन हा गृहस्थ घरी परतला. पुढे १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ती हकीकत लिहिली व १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, 'माझा प्रवास' ह्या नावाने ती छापली गेली. विष्णुभटांनी दक्षिणा घेतली हे खरे. पण ते लिहावयास बसले तेव्हा मधे पाव शतक लोटले होते, आणि ज्यांनी त्यांना जेवू घातले होते त्यांतील कोणाचीही मर्जी राखण्याचे त्यांना कारण उरले नव्हते. भूक, भीती, स्वतःची फजिती, गोऱ्या फौजेने शहरात केलेली कत्तल, सगळे त्या पुस्तकात आहे. यजमानाकडून येण्याजाण्याचे भाडे घेऊन ते लिहिले गेले असते, तर आज आपल्या हाती यज्ञमंडपाच्या सजावटीचे वर्णन राहिले असते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण माझ्या म्हणण्याला अधिक अडचणीचे आहे. त्या अमेरिकेत गेल्या, तेथील लोकांनी त्यांना आश्रय दिला, विधवांच्या शाळेसाठी पैसाही जमवून दिला. आणि तरीही १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' ह्या पुस्तकात त्यांनी त्या देशाचे कौतुक जितके मनापासून केले, तितक्याच स्पष्टपणे तेथील वर्णद्वेषावर व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवले. तेव्हा अन्न घेतल्याने जीभ बांधलीच जाते असे नव्हे, हे मला मान्य करावे लागते. पण रमाबाईंसारखी कणखर बाई शंभर वर्षांत एक निपजते. शिवाय त्यांना मिळालेला पैसा शाळेसाठी होता, स्तुतीसाठी नव्हता. गप्प बसण्याची अट त्यात कोठेही नव्हती. आजच्या फुकट निवासात ती अट आहे, आणि ती लिहून द्यावी लागत नाही इतकी सर्वांना पाठ आहे.

पुढच्या पिढ्यांचे मराठी प्रवासवर्णन कोणाच्या पैशावर लिहिले गेले? 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' लिहिणारे अनंत काणेकर प्राध्यापक होते. 'सातासमुद्रापलीकडे'चे गंगाधर गाडगीळ प्राध्यापक होते. मीना प्रभु डॉक्टर होत्या. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने येण्यापूर्वी 'किर्लोस्कर'मधून क्रमशः छापली जात होती आणि घरोघर तिची वाट पाहिली जाई, पण पु. ल. देशपांडे केवळ प्रवासवर्णनांवर जगत होते असे कोणी म्हणणार नाही. थोडक्यात सांगावयाचे तर आपल्या प्रवासवाङ्मयाला दुसऱ्या कुठल्या तरी चुलीने पोसले. ह्याचा एक लाभ असा की ह्या मंडळींना हॉटेलवाल्याची खुशामत करावी लागली नाही. तोटाही मोठा झाला. आपले प्रवासवर्णन रजेतले राहिले. जे रजेत पाहून होते तेवढेच आपण पाहिले. एकाच तालुक्यात वर्षभर हिंडावे, तीच वाट चैत्रात, श्रावणात व पौषात तुडवावी, असे करणारा अपवादानेच सापडतो.

तो अपवाद आमच्या डोळ्यांसमोरच्या डोंगरावरचा आहे. कर्जतहून कोंदिवड्याला जावे, कोंढाण्याच्या लेण्यांवरून रान चढावे, म्हणजे राजमाचीच्या पठारावर आपण पोचतो. गो. नी. दांडेकरांनी 'माचीवरला बुधा' ही कादंबरी १९५८ साली ह्याच माचीवर उभी केली. लेखनावरच जगावयाचे असा निश्चय करून तो निभावणाऱ्या फार थोड्या मराठी लेखकांतले ते एक. आणि ज्या किल्ल्यांवर ते गेले त्यांवर ते पुन्हा पुन्हा गेले, इतके की तेथील माणसांशी त्यांचे नाते यजमान-पाहुण्याचे उरले नाही. पण हेही पाहा, की त्यांना पोसले ते कादंबऱ्यांच्या वाचकांनी. केवळ 'अमुक गडाला कसे जावे' हे लिहून ते जगले नाहीत, व जगू शकलेही नसते. (कोंढाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: त्या लेण्यात, कण्हाचा शिष्य बलक ह्याने हे काम केले, असा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. आमच्या तालुक्यातील नाव कोरून ठेवणारा हा पहिला कारागीर. हल्ली ह्या लेण्यांवरचे जे लेख वाचनात येतात त्यांत धबधबा असतो, छायाचित्र कोठे उभे राहून घ्यावे हे असते, पण बलकाला कोणी विचारीत नाही.)

आता माझी स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण दुसऱ्यांस मिंधे म्हणणाऱ्याने आपली पाने कोरी असल्याचा आव आणू नये. बारा-तेरा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका मोठ्या फार्महाऊसच्या मालकाने मला दोन दिवस राहावयास बोलाविले. मला बोलाविणे आले ह्याचाच मला आनंद वाटला. उत्तम जेवण, पाहुण्यांसाठी बांधलेला निळाशार तलाव, आंब्याची सावली. वैशाख महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरावयास बाहेर पडलो तेव्हा कुंपणाला लागून असलेल्या पायवाटेने वरच्या वाडीतल्या ठाकरणी डोक्यावर हंडे-कळश्या घेऊन चाललेल्या दिसल्या. वाडीची विहीर आटली होती. पाणी खालच्या ओढ्यातल्या डबक्यातून भरून न्यावे लागत होते. कुंपणाच्या आत पोहण्याचा तलाव काठोकाठ भरलेला, आणि बाहेर ही रांग. मी ते पाहिले, मला ते समजले, आणि मी लेखात ते लिहिले नाही. त्या लेखात मी आंब्याच्या सावलीवर दीड परिच्छेद खर्च केला. मला कोणी धमकावले नव्हते, कोणी सूचनाही केली नव्हती. दोन दिवस ज्याच्या पंगतीला बसलो त्याच्याविषयी असे लिहिणे मला असभ्यपणाचे वाटले. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे सद्गुण मानतात. पत्रकाराच्या अंगी तोच दुर्गुण होतो, हे मला त्या लेखाचे कात्रण पुढे अनेक वर्षांनी हाती आले तेव्हा कळले.

लेखणीला एकदा असे वळण लागले की मीठ खाल्ले नसतानाही ते सुटत नाही. इर्शाळगडावर मी दोनदा लिहिले आहे. तेथे मला कोणी फुकट जेवू घातले नव्हते. वाडीत पिठले-भाकरी खाल्ली तिचे पैसे दिले होते. तरीही माझे दोन्ही लेख माथ्यावरच्या नेढ्याने भरलेले आहेत, आणि वाडीच्या वाट्याला प्रत्येकी एक ओळ आली आहे, की येथे चहापाण्याची सोय होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ४८ कुटुंबांची वस्ती. वर जावयास गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसे अंधारात, मुसळधार पावसात पायी चढून गेली आणि माती उपसण्याची मोठी यंत्रे वर नेताच आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ह्या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

माझ्या एका लेखाने ती दरड थांबली असती असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मला भूगर्भशास्त्र कळत नाही. मी गेलो त्या दिवशी त्या उतारावर काही दिसण्याजोगे होते की नव्हते हेही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आजारी माणूस खाली कसा नेता, पावसाळ्यात मुले शाळेस कशी जातात, हे घर येथे कोणी व का बांधले, एवढे तरी विचारता आले असते. वर्षानुवर्षे शनिवार-रविवारी शहरातील सुशिक्षित माणसे त्या अंगणांतून गड चढत होती. त्यांत लिहिणारे माझ्यासारखे कितीतरी होते. यादी करणारा सरकारी माणूस वाडीत कधी गेला होता की नाही मला ठाऊक नाही. मी गेलो होतो.

अशा वेळी 'प्रवासलेखन हे रंजनासाठी असते, दुःखासाठी बातमीदार आहेत' असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही. बातमीदार दरड कोसळल्यावर येतो. त्याच्या आधी डोंगरावर हौसेने जाणारा, वेळ काढून बसणारा, कोणाच्या ओट्यावर पाणी पिणारा लिहिता माणूस एकच, आणि तो प्रवासी. त्यालाच पाहुणचाराची झापडे बांधली, तर त्या जागेचा दुसरा साक्षीदार कोण? आणि रंजनाचे म्हणाल, तर बहुतेक प्रत्येक पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर व धरणांवर प्रशासनाला बंदीहुकूम काढावे लागतात, कारण शहरातून आलेली तरुण मुले तेथे बुडून मरतात. ती मुले ज्या चित्रफिती पाहून आलेली असतात त्यांत पाणी कोणत्या वेळी किती चढते हे सांगितलेले नसते. जवळच्या हॉटेलवाल्याला ते सांगितलेले परवडत नाही, आणि चित्रफीत काढणारा त्याच्या खोलीत उतरलेला असतो.

दुसरे एक उत्तर कायद्याच्या बाजूने येते. ग्राहक संरक्षण कायद्याच्या अनुरोधाने केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रसिद्धीकारांसाठी मार्गदर्शन काढले; त्यात फुकट सहल व हॉटेलातील निवास हेही मोबदल्यात धरले असून तो संबंध वाचकापुढे उघड केला पाहिजे असे सांगितले आहे. नियम चांगला आहे. पण त्याने वाचकाला एवढेच कळते की लेखकाने मीठ खाल्ले. लेखातून काय गाळले ते कळत नाही. माझ्या त्या लेखाखाली 'निवासव्यवस्था मालकांच्या सौजन्याने' अशी ओळ छापली असती, तर हंडे घेतलेल्या बायका काही लेखात परत आल्या नसत्या.

पाश्चात्य देशांत काही वृत्तपत्रांनी ह्याहून कडक दंडक घातला आहे. फुकट प्रवास स्वीकारणाऱ्या लेखकाचे लेखन न्यूयॉर्क टाइम्सचा प्रवासविभाग घेत नाही. मात्र नियम केला आणि खिशात पैसे घातले नाहीत, तर काय होते तेही त्यांनीच पाहिले आहे. २००८ साली लोन्ली प्लॅनेट ह्या प्रसिद्ध प्रवासमार्गदर्शकांच्या एका लेखकाने, टॉमस कोनस्टामने, सांगून टाकले की कोलंबियावरच्या पुस्तकातील आपले काम आपण त्या देशात न जाता केले, कारण जाण्याइतका मोबदला मिळत नव्हता. त्याच्याकडे केवळ इतिहासाचा भाग होता, असा खुलासा प्रकाशकांनी केला. कोणाचे खरे असेल ते असो; पैशाविना सोवळे टिकत नाही, एवढे त्यातून दिसून आले.

आणि येथे मला ह्या मासिकाच्या वाचकांकडे वळले पाहिजे. वाचकहो, हॉटेलवाल्याला दोष देणे सोपे आहे. तो बिचारा जाहिरात करतो, आणि जाहिरात करणे हा त्याचा धंदा आहे. प्रवासलेखकाचे पैसे कोणी तरी देणार. आपण दिले नाहीत म्हणून ते त्याने दिले. सुट्टीच्या दोन दिवसांसाठी कर्जतच्या फार्महाऊसवर हजारो रुपये मोजणारे सुशिक्षित कुटुंब वर्षाचे मासिक घेताना हात आखडते, आणि वर्तमानपत्र रद्दीच्या भावात वसूल होते की नाही ह्याचा हिशेब मांडते. जे फुकट मिळते ते वाचावयाचे, आणि मग त्यात खरे काही नसते अशी तक्रार करावयाची, हे दुकानदाराने वाटलेल्या दिनदर्शिकेत दुकानाच्या उणिवा शोधण्यासारखे आहे. संपादकांचेही तेच. लेख मागताना पत्रात आदराचा महापूर असतो. प्रवासखर्चाचा विषय निघताच त्याला ओहोटी लागते. पेठच्या किल्ल्यावर नीट लिहावयाचे तर आंबिवलीपर्यंत दोनतीन खेपा घालाव्या लागतात, एक रात्र पेठ गावात काढावी लागते, सुळक्याच्या पोटात कोरलेल्या जिन्याविषयी कोणा जाणत्याला विचारावे लागते. ह्या सर्वांचा खर्च लेखकाने स्वतः सोसावा व नंतर सहा महिन्यांनी येणारे मानधन खर्चाच्या निम्मेही नसावे, असा हा व्यवहार आहे. असा व्यवहार करणाऱ्यांनी लेखकाच्या निःस्पृहतेवर अग्रलेख लिहू नयेत.

मग त्या तरुणाला मी काय सांगितले? चार दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याची वही मी त्याला परत केली आणि म्हटले, "नोकरी सोडायची तर सोड, पण वर्षभर थांब. ह्या वर्षात रविवार झोपून काढू नकोस. आणि काश्मीर, लडाख, व्हिएतनाम सध्या राहू दे." तो थोडा हिरमुसला. भिसेगावावर लिहून कोण वाचणार, असे त्याला वाटणे साहजिक होते. मी त्याला त्याच्या वडिलांकडे बोट करून दाखविले. १८५६ ते १८६३ ह्या सात वर्षांत बोरघाटाचा रेल्वेमार्ग बांधला गेला. पंचवीस बोगदे, सदतिसात एक असा चढ, आणि तापाने व पटकीने मेलेले हजारो मजूर, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावला तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला. खंडाळ्याच्या सहलीवर लिहिणाऱ्या मंडळींस त्या घाटात धुके दिसते. हा मुलगा ज्या घरात जेवतो त्या घरात त्या चढावर आयुष्य काढलेला माणूस रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतो, आणि मुलाने त्याला त्याविषयी एक प्रश्न आजवर विचारलेला नाही! पावसाच्या तोंडी शेवळे घेऊन ठाकरणी कर्जतला बसतात. ती खाजू नये म्हणून बरोबर काकडे देतात. त्या कोणत्या रानातून येतात, आणि ते रान आज कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, ह्याचा शोध घ्यावा तर एका वर्षाचे काम होईल.

धंद्याच्या चार गोष्टीही सांगितल्या, कारण नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेला लेखक आपल्या लेखाचा पहिला मालक असतो. तेव्हा 'सर्व हक्क कायमचे' अशा कागदावर सही करू नये. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, हेही ध्यानात ठेवावे. मराठीत लिहिलेले इंग्रजीत पुन्हा लिहून निराळ्या ठिकाणी द्यावे. त्यात कमीपणा नाही. लेख मागणाऱ्याला पहिल्याच पत्रात प्रवासखर्च विचारावा. निवासाचे निमंत्रण आले तर आभार मानून बिल मागावे, आणि बिल परवडत नसेल तर एस.टी.ने घरी यावे. "असं केलं तर पहिल्या वर्षी काहीच मिळणार नाही, काका," असे तो म्हणाला. मी म्हटले, "बहुतेक नाही मिळणार." त्याला गोड लागेल असे काही तरी सांगावे असा मोह मला झाला होता, पण नकारात्मकता टाळण्याचा मी एकदा पुरेसा अभ्यास केला आहे.

तो अजून कारखान्यात जातो. मागल्या महिन्यात त्याने वडिलांशी झालेल्या बोलण्यावरून घाटातल्या इंजिनांवर एक लेख लिहून मला दाखविला. शुद्धलेखन वाईट आहे, आरंभी धुके आहेच; पण मध्ये दोन पाने अशी आहेत की ती मला लिहिता आली नसती. पावसाळी रात्री घाटात गाडी अडून राहते, तेव्हा मागच्या इंजिनातला माणूस पुढे काय झाले हे न कळता तासन्तास अंधारात कसा बसून राहतो, ते त्यात आहे. तो लेख त्याने एका पुरवणीकडे पाठविला. तेथून उत्तर आले की लेख छान आहे, मानधन देता येणार नाही, आणि सोबत धबधब्याचे एखादे छायाचित्र असल्यास बरे.

त्याने लेख परत मागविला आहे. तो आता ह्याच मासिकाकडे येईल. संपादकांस माझी विनंती अशी की तो छापण्याजोगा नसेल तर खुशाल परत करावा. परंतु छापला तर मानधन द्यावे, आणि लेखकाला प्रवासखर्च वेगळा देण्याचा नियम एकदाचा मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जाहीर करावा. सुरुवातीस पैशाची अडचण असल्यास प्रस्तुत लेखाचे मानधन त्या खात्यात जमा करण्यास माझी हरकत नाही.